डोंबिवलीची थंडी आणि माणसाचं एन्झाइम

सकाळी गॅलरीचा कठडा हाताला गार लागला की डोंबिवलीत थंडी आली असं समजायचं. यापेक्षा मोठा पुरावा ती देत नाही. आमचे पुण्याकडचे नातेवाईक तिला हसतात. स्वेटर घालून दूध आणायला निघालेल्या मला पाहून धाकटा मेहुणा दर वर्षी विचारतो, "भाऊजी, काश्मीरला निघालात का?" विचारू दे. नव्वदीच्या दशकाच्या मधल्या एका वर्षी याच एवढ्याशा थंडीला हाताशी धरून आम्ही जे करून दाखवलं, ते त्याच्या पुण्याच्या थंडीत त्याने काही केलं नव्हतं. औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या छपराखाली आम्ही माणसाच्या पेशीतलं एन्झाइम बनवलं. चालणारं. शाळेच्या पुस्तकात ज्याला विकर म्हणतात, ते. मी आता ऐंशीच्या जवळ आलो आहे, गुडघे कुरकुरतात, पण हे वाक्य उच्चारताना अजूनही पाठ आपोआप सरळ होते.

त्या हिवाळ्याची गोष्ट मी आजवर कितीतरी वेळा सांगितली. लग्नांत सांगितली, निरोप समारंभांत सांगितली, कॉलेजच्या मुलांपुढे माइक हातात घेऊन सांगितली. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. पण त्या गोष्टीत एक शब्द खोटा होता. एकच शब्द, आणि तो मीच घातला होता. तो काढून टाकला की आमचा विजय लहान होत नाही. मला तर वाटतं, तेव्हाच तो खऱ्या मापाचा दिसतो.

आमची कंपनी म्हणजे खाली गाळा आणि वर पोटमाळा. खाली रक्तातली साखर तपासायच्या किटच्या बाटल्या भरल्या जात, वर आमची प्रयोगशाळा. एका बाजूला रंगाचा कारखाना, दुसऱ्या बाजूला लोणच्यांचा. मागचा नाला कधी हिरवा वाहायचा, कधी जांभळा. थंडीत धूर खाली बसायचा, आणि सकाळी फाटकाशी उभं राहिलं की मोहरी, आम्ल आणि ओल्या राखेचा एक मिश्र वास नाकात जायचा. आजही कुणी मला डोळे बांधून तिथे नेलं तर मी सांगेन, हे डोंबिवली, आणि हा डिसेंबर.

मालक शांतिभाई. कच्छी माणूस, पांढरा सफारी, तोंडात बडीशेप. मुंबईच्या एका संशोधन संस्थेतल्या लोकांनी त्यांना बोलता बोलता सांगितलं की हे एन्झाइम त्यांना परदेशातून मागवावं लागतं, ते विमानतळावरच्या गोदामात उकाड्यात पडून राहतं, आणि हातात येईपर्यंत मेलेलं असतं. शांतिभाई तडक वर आले.

"साहेब, हे लोक मेलेला माल विकतात आणि वर भाव करतात. आपण जिता माल देऊ."

"भाई, ते सोपं नाही."

"सोपं असतं तर बाजूचा लोणचावाला नाय बनवत?"

त्यांना त्या एन्झाइमचं नावसुद्धा नीट घेता येत नव्हतं, पण त्यातली गरज मात्र पहिल्या झटक्यात कळली होती.

आता हे एन्झाइम करतं काय? माझ्या बायकोला, सुमनला, मी हे महिनोन्महिने समजावत होतो आणि ती महिनोन्महिने मान डोलावत होती. शेवटी ज्योत्स्नाने तिला आमच्याच घरात, चहा पिता पिता सांगितलं. "वहिनी, पालिका धोकादायक बिल्डिंगवर नोटीस लावते ना, तसंच. आपल्या पेशीत काही प्रथिनं निकामी होतात. ती पाडायची असतात. मग त्यांच्यावर एक छोटी नोटीस चिकटवतात. त्या नोटिशीचं नाव युबिक्विटिन. पण नोटीस काय आपली आपण चालत जाते? ऑफिसातला साहेब तिच्यावर शिक्का मारतो. शिपाई ती हातात घेऊन निघतो. आणि वॉर्डातला माणूस बोट दाखवतो, हीच ती बिल्डिंग, लाव इथे. तिघं वेगळे. आम्ही तो मधला शिपाई बनवतोय." सुमन म्हणाली, "एवढंच होतं होय? मग हे इतके महिने काय सांगत होते?"

ज्योत्स्ना नाखवा म्हणजे ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली मुलगी. वडील होडीवर, आई बाजारात मासळी विकायला. बायोकेमिस्ट्रीत एम. एस्सी., वर्गात पहिली. आमच्याकडे मुलाखतीला आली तेव्हा मी विचारलं, "इतक्या लांब, रोज उलट्या दिशेने येणार?" ती म्हणाली, "साहेब, उलट्या दिशेने आलं की बसायला जागा मिळते." मी त्याच क्षणी तिला घेतलं. ती भरभर बोलायची, भरभर हसायची, आणि हात मात्र संथ चालायचे. तिच्या पिपेटमधून पडलेला थेंब कधी काठावर लटकत राहिलेला मी पाहिला नाही.

माणसाचा जीन जीवाणूच्या पोटात घालायचा आणि त्याच्याकडून आपलं प्रथिन बनवून घ्यायचं, अशी ती पद्धत. संस्थेने जीन दिला होता. जीवाणू आनंदाने वाढत होते. पण ऑक्टोबरच्या उकाड्यात ते इतक्या घाईने प्रथिन बनवायचे की त्याची नीट घडीच बसायची नाही. नासलेल्या दुधासारखे गोळे व्हायचे. आमच्या शेकरला, म्हणजे बाटल्या हलवत ठेवणाऱ्या यंत्राला, गरम करायची सोय होती, गार करायची नव्हती. गार करणारं यंत्र मागवायचं म्हणजे शांतिभाईंचं तोंड पाहावं लागलं असतं.

मग थंडी आली. ज्योत्स्नाने पोटमाळ्याच्या पूर्वेच्या खिडक्या सताड उघडल्या आणि शेकर ओढत खिडकीशी नेला. "साहेब, हा आपला कूलिंगवाला शेकर." आम्ही पहाटेचा गारवा वापरायला शिकलो. शाल गुंडाळून, चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून, जीवाणूंच्या बाटल्या गोल गोल फिरताना बघत बसायचो. त्या गारव्यात जीवाणूंची घाई कमी झाली, आणि प्रथिन विरघळलेलं, स्वच्छ, नितळ मिळायला लागलं. ते पहिल्यांदा मिळालं त्या सकाळी भोईर, आमचा यंत्रं सांभाळणारा टिटवाळ्याकडचा आगरी गडी, बाटली उजेडात धरून म्हणाला, "सायेब, हे तर नारळाचं पाणी वाटतंय." मला वाटलं, जिंकलो.

पण ते प्रथिन काम करतं का, हे दाखवायचं होतं. एखादा माणूस शिपायाच्या कपड्यात उभा आहे म्हणून तो शिपाई ठरत नाही. त्याच्या हातात नोटीस देऊन तो ती धरतो का, हे पाहायला हवं. त्यासाठी सगळं एका नळीत मिसळायचं: शिक्का मारणारं पहिलं एन्झाइम, नोटीस, इंधन म्हणून एटीपी, आणि आमचा शिपाई. मग तो नमुना जेलीच्या पातळ वडीवर, म्हणजे जेलवर, उभ्या रेषेत चालवायचा. त्या रेषेला आम्ही लेन म्हणत असू. निळा रंग दिला की प्रत्येक प्रथिनाची एक आडवी पट्टी उमटते. हलकं प्रथिन खाली, जड वर. शिपायाने नोटीस धरली असेल तर त्याचं वजन वाढणार, आणि त्याच्या नेहमीच्या पट्टीच्या वर एक नवी पट्टी दिसणार.

ती पट्टी दिसेना. पुन्हा केलं, दिसेना. थंडी आणि आमची शुद्ध, नितळ, नारळपाण्यासारखी प्रथिनं एकीकडे, आणि जेलवर रिकामी जागा दुसरीकडे. संस्थेने दिलेलं पहिलं एन्झाइम नळीच्या तळाशी गेलं होतं, आणखी मिळणार नव्हतं. शांतिभाई एक दिवस वर आले, खिडक्या बंद केल्या, आणि म्हणाले, "साहेब, होळीपर्यंत बघा. नाही झालं तर ही खोली मी पॅकिंगला देतो. आणि ही पोरगी खाली किटमध्ये बसेल. राग नका मानू." ज्योत्स्नाने खिडक्या पुन्हा उघडल्या. पण एम. एस्सी.ला पहिली आलेली मुलगी खाली बाटल्यांवर लेबलं लावत बसणार होती, हे तिला कळलं होतं, आणि मलाही.

त्या दिवसांचा एक वास आहे. जेलवर घालण्याआधी नमुन्यात एक द्रव टाकून तो उकळायची पद्धत असते. त्याचं लांबलचक नाव आहे; आम्ही मर्कॅप्टो म्हणायचो. सडक्या अंड्यांना लाज वाटेल असा वास. प्रथिनांच्या घड्या आणि गंधकाचे बंध सुटे करायचं ते काम करतं, म्हणजे प्रत्येक प्रथिन सरळ होऊन आपल्या वजनाप्रमाणे धावतं. ते घालायचंच असतं. मी विद्यार्थी होतो तेव्हापासून घालत आलो होतो. माझ्या गुरूंनी घातलं होतं. लोणच्याच्या कारखान्यातल्या बायका भिंतीपलीकडून ओरडायच्या, "ए डॉक्टर, काय मेलंय का तुमच्याकडे?"

ज्योत्स्नाची आई एकदा कोलंबीचा डबा द्यायला आमच्याकडे आली होती. तिने सुमनला सांगितलं, "आमच्या मावऱ्याच्या वासाला लोकं नाकं मुरडतात. आता ही घरान येते तवा मी नाक दाबते. तिला बोलले, आधी आंघोळ कर गो, मग भांड्यांना हात लाव." ज्योत्स्ना हसत म्हणाली, "वहिनी, कॉलेजात मला मासळीवाली म्हणून चिडवायचे. त्यांना आता एकदा बोलावणारे. म्हणावं, या, खरा वास घ्या."

एका दुपारी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातात पेन्सिल, पेन्सिलीला दातांच्या खुणा.

"साहेब, हा शिपाई नोटीस कशाने धरतो?"

"गंधकाच्या बंधाने. का?"

"आणि मर्कॅप्टो काय करतं?"

"गंधकाचे बंध..." मी थांबलो. पण थांबलो तेवढाच. "अगं, तो वेगळ्या प्रकारचा बंध आहे."

"वेगळा म्हणजे आणखी नाजूक ना? साहेब, आपण शिपायाला पकडतो, कपडे उतरवतो, कढईत उकळतो, आणि मग विचारतो, नोटीस कुठे ठेवलीस?"

भोईर मागे खो खो हसला. मला हसू आलं नाही. मी तिला सांगितलं की मर्कॅप्टोशिवाय जेल घाण येते, पट्ट्या पसरतात, संस्थेतले लोक असली जेल बघणार नाहीत. आणि पहिलं एन्झाइम एका प्रयोगापुरतं उरलंय, ते अशा खेळात घालवायचं नाही. पद्धत ती पद्धत. ती म्हणाली, "बरं." कोळीवाड्यातली माणसं 'बरं' दोन प्रकारे म्हणतात. हा दुसरा प्रकार होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

आमच्या वसाहतीला शुक्रवारी सुट्टी असायची, कारण शुक्रवारी वीज नसायची. सगळं जग रविवारी झोपतं, आम्ही शुक्रवारी झोपायचो. त्या शुक्रवारी भोईरने पोपटीला बोलावलं होतं. टिटवाळ्याच्या पुढे त्याचं शेत. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, मीठ. मग मडकं पालथं घालून त्याच्यावर पेंढ्याचा जाळ. आम्ही सगळे ऊन खात बसलो होतो. धूर निळा, आभाळ निळं, लांब डोंगराची कड. भोईरची बायको शेंगा निवडता निवडता ज्योत्स्नाला चिडवत होती, "काय गो, आज एवढी गप? कुणी बघायला येनार का?"

"येणार ना," ज्योत्स्ना म्हणाली. "उद्या सकाळी. साहेब, तुम्हीसुद्धा लवकर या."

माझ्या लक्षात आलं. गुरुवारी संध्याकाळी मी निघालो तेव्हा ती जेलपाशी होती. निळा रंग दिलेली जेल नुसत्या पाण्यात आणि आम्लात बुडवून ठेवली की रंग आपोआप उतरतो, त्याला वीज लागत नाही. म्हणजे आम्ही इथे शेंगा खात असताना तिकडे बंद पोटमाळ्यावर, अंधारात, एका ट्रेमध्ये तिचा निकाल हळूहळू उजळत होता. उरलेलं सगळं पहिलं एन्झाइम तिने घालवलं होतं. मी विचारलं, "केलंस?" ती म्हणाली, "केलं." मडकं उघडलं तेव्हा ओव्याचा आणि पाल्याचा असा वास सुटला की सगळे मडक्याभोवती सरकले. मी खाल्लं, पण चव काही कळली नाही. ती मात्र दोन हातांनी शेंगा सोलून खात होती, हनुवटीला राख लागलेली, आणि अजिबात घाबरलेली दिसत नव्हती.

शनिवारी सकाळी मी फाटकाशी पोचलो तर ती आधीच उभी. वर गेलो. तिने ट्रे खिडकीपाशी नेला, जेल हातमोज्यावर अलगद उचलली आणि उगवतीच्या उजेडासमोर धरली.

मी अनेक जेल पाहिल्या आहेत. ती एकच डोळ्यांपुढून जात नाही. पहिल्या लेनमध्ये मर्कॅप्टो घालून उकळलेला नमुना: आमचा शिपाई, एकटा, रिकामा. शेजारच्या लेनमध्ये तोच नमुना, त्याच नळीतला दुसरा अर्धा, मर्कॅप्टोशिवाय, न उकळता: शिपाई, आणि त्याच्या वर, स्वच्छ, ठळक, शाईच्या फटकाऱ्यासारखी दुसरी पट्टी. नोटीस हातात. तिसऱ्या लेनमध्ये, मर्कॅप्टोशिवायच, बाकी सगळं होतं, फक्त इंधन नव्हतं. तिथे ती पट्टी नाही. म्हणजे योगायोग नाही, मळ नाही, डोळ्यांचा भास नाही. आमचं एन्झाइम सुरुवातीपासून जिवंत होतं. रोज काम करत होतं. आम्हीच रोज शेवटच्या क्षणी त्याच्या हातातली नोटीस काढून घेत होतो.

मी ओरडलो. खरोखर ओरडलो. भिंतीपलीकडून बाई ओरडली, "आता काय झालं?" ज्योत्स्ना खिडकीतून म्हणाली, "मावशी, पोरगा झाला!" पलीकडे हशा, टाळ्या, मग लोणच्याची एक बरणी भिंतीवरून आली. भोईर धावत वर आला, त्याने जेल पाहिली, काही कळलं नाही, आणि त्याने मला उचललं. शांतिभाई फाफडा-जिलेबी घेऊन आले. त्यांच्याबरोबर, नेमके त्याच दिवशी, संस्थेतले दोन पाहुणे आले होते. ट्रेभोवती इतकी गर्दी झाली की खिडकीतला उजेड अडला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली सकाळ ती. लग्नाची सकाळही तिच्यापुढे फिकी, हे सुमनला माहीत आहे.

आणि त्याच सकाळी तो शब्द आला.

पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, "कमाल आहे, हे कसं काय केलंत?" मी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर सांगावं लागलं असतं की हिने सुचवलं आणि मी नाही म्हणालो. मी हसलो आणि म्हणालो, "अहो, काय सांगू, आमची ज्योत्स्ना मर्कॅप्टो घालायला विसरली!" सगळे हसले. शांतिभाई सगळ्यात मोठ्याने. "वा! अशीच विसरत जा, बेटा!" ज्योत्स्नाने माझ्याकडे पाहिलं. ती हसली नाही.

संध्याकाळी म्हणाली, "साहेब, मी विसरले नव्हते."

"अगं, मला माहीत आहे. गंमत केली."

"बरं," ती म्हणाली.

काम धावत सुटलं. बर्फ, थर्मोकोल, चिमुकल्या नळ्या, नळ्यांवर लेबल: फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये. ज्योत्स्ना लेबल वाचून म्हणाली, "माणसाचं एन्झाइम, आणि माणसांनाच मनाई." संस्थेतून फोन आला: चालतं, परदेशी मालापेक्षा चांगलं चालतं. बंगळुरूहून मागणी आली, हैदराबादहून आली. खोली पॅकिंगला गेली नाही. ज्योत्स्ना खाली गेली नाही. उलट खाली बसणाऱ्या दोन मुली वर आल्या. पुढच्या थंडीत आम्ही दुसरा शिपाई बनवला, त्याच्या पुढच्या थंडीत तिसरा. डोंबिवली स्टेशनबाहेर मी ताठ चालायचो. लोकांना काय माहीत, या पाणी न येणाऱ्या, धुराच्या गावातून माणसाच्या पेशीचा एक तुकडा देशभर चाललाय.

गोष्टही चालत होती. ती माझ्या तोंडून सुटली होती आणि आता तिला माझी गरज नव्हती. शोध असे अपघाताने लागतात, हे ऐकायला लोकांना फार आवडतं. मी दर वेळी ती आणखी रंगवत गेलो. तिला चहा प्यायला पाठवलं, तिचं लग्न ठरल्याचं सांगितलं, म्हणून म्हणे लक्ष नव्हतं. तिचं लग्न तेव्हा ठरलंच नव्हतं.

काही वर्षांनी तिने ठाण्यात स्वतःचा गाळा घेतला, स्वतःची एन्झाइमं बनवू लागली. या धंद्यात माल डोळ्यांना दिसत नाही. नळीत पाण्यासारखं काहीतरी असतं, आणि गिऱ्हाईक विकत घेतं ते बनवणाऱ्याच्या हातावरचा विश्वास. एका मोठ्या संस्थेच्या खरेदी समितीत तिला बोलावलं होतं. सगळं जमत आलं होतं. समितीतला एक जण हसत म्हणाला, "तुम्हीच ना त्या? विसरलेल्या? आमच्या मालात काही विसरणार नाही ना?" पुन्हा सगळे हसले. ती ऑर्डर दुसरीकडे गेली. हे तिने मला सांगितलं नाही. भोईरने सांगितलं, तेही पुष्कळ वर्षांनी, गंमत म्हणून.

त्यानंतर मला ती जेल वेगळी दिसायला लागली. विसरलेला माणूस एकच नमुना अर्धा करून दोन लेनमध्ये शेजारी शेजारी चालवत नाही. विसरलेला माणूस तिसऱ्या लेनमधून इंधन काढून ठेवत नाही. तिचा सगळा विचार त्या निळ्या पट्ट्यांमध्ये मांडलेला होता, आणि गर्दीने उजेड अडायच्या आधी तो वाचता आलेला, तिच्याशिवाय, त्या खोलीतला एकमेव माणूस मी होतो. मी तो वाचला होता. वाचून मग म्हणालो होतो, विसरली.

ती तिथे थांबली नाही, हे सांगायला हवं. ती ऑर्डर गेली, दुसऱ्या आल्या. आज तिच्या गाळ्यात खिडकीशी ओढलेला शेकर नाही, गार खोल्या आहेत, आणि तिच्या नळ्या जिथे जातात त्या गावांची नावं मला नकाशात शोधावी लागतात. तिची आई शेवटपर्यंत सांगायची, "माझी पोर मानसाच्या आतलं सामान बनवते."

या महिन्यात आमच्या जुन्या मंडळींनी ठाण्याच्या एका हॉलमध्ये दुपारी जेवायला जमायचं ठरवलं. शांतिभाई आता नाहीत. त्यांचा मुलगा होता. भोईर होता, पांढऱ्या मिशांचा. लोणच्याच्या कारखान्यातली ती मावशीसुद्धा कुणीतरी शोधून आणली होती. ज्योत्स्ना आली, केस पिकलेले, चष्मा कपाळावर, चाल तीच. गोड वाढून झालं आणि भोईर उठून म्हणाला, "सायेब, ती विसरलेली गोष्ट सांगा! या पोरांनी ऐकली नाय."

मी उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवून आलो होतो, आणि उभं राहिल्यावर ते सगळं गेलं. मी म्हणालो, "ज्योत्स्ना विसरली नव्हती."

काही जण हसले. त्यांना वाटलं, गोष्ट नव्या पद्धतीने सुरू झाली.

"ती विसरली नव्हती. तिने मला आधी सांगितलं होतं, मर्कॅप्टो घालू नका, तेच नोटीस काढून घेतंय. मी नाही म्हणालो. तिने विचार केला, पडताळा कसा घ्यायचा ते ठरवलं, आणि केलं. मी जे सांगत आलो ते खोटं आहे. मला तेव्हाही माहीत होतं. हे एन्झाइम अपघाताने मिळालं नाही. ते तिने मिळवलं." मी आणखीही काही म्हणालो असेन.

भोईरच्या हातात वाटी तशीच राहिली. "म्हंजी मी गावभर..." तो म्हणाला आणि खाली बसला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ज्योत्स्नाने चष्मा कपाळावरून काढला, पदराने पुसला, पुन्हा पुसला. मी तिच्याकडे बघायचं धाडस केलं नाही.

तेव्हा माझ्या शेजारून सुमन बोलली. इतकी वर्षं माझ्या त्या गोष्टीला माझ्याआधी हसणारी सुमन.

"पण ज्योत्स्ना, मग तुला सुचलं कसं गं?"

मला एकदम जाणवलं, हा प्रश्न तिला आजवर कुणीही विचारला नव्हता. विसरणाऱ्याला कोण विचारतं, कसं सुचलं म्हणून?

ज्योत्स्नाने चष्मा घातला. "वहिनी," ती म्हणाली, "वेळ लागेल हं."

"लागू दे."

तिने ताटांतल्या वाट्या गोळा केल्या, टेबलावर ओळीने मांडल्या, आमटीची वाटी वर, दह्याची खाली. "ही पहिली लेन." मंडळी खुर्च्या ओढून जवळ आली. शांतिभाईंचा मुलगा जिलेबीचं ताट हातात धरून उभा राहिला. ती बोलत होती, भरभर, हसत, आणि वाट्या सरकवणारे हात संथ. ते पेन्सिल चावत बसलेले दिवस, ती कशी अडली, कुठल्या विचाराने सुटली, यातलं अर्धं मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. भोईर मध्येच ओरडला, "अरे, म्हंजी नोटीस शिपायाच्या हातानच होती!" आणि मावशीने त्याला दटावलं, "गप रे, तिला बोलू दे."

हॉलवाला आला. पुढची पार्टी खाली येऊन थांबली होती. त्याला टेबलं आवरायची होती. त्याने वाट्यांकडे हात नेला.

"ओ, हात नका लावू," ज्योत्स्ना म्हणाली. "तिसरी लेन राहिलीय अजून."